नदीकाठची पायवाट आणि राज्य परिवहनाची मोटार
नांदेड-लातूर परिसराच्या दळणवळणाच्या इतिहासातील एक प्रकरण

मराठवाड्यातील दळणवळणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच राजमार्ग, व्यापारी पेठा व लोहमार्ग यांकडे वेधले जाते. नदीच्या काठाकाठाने जाणारी पायवाट या इतिहासात अभावानेच आढळते. ती कोणी मुद्दाम बांधली नाही. पावलांनी ती पडली व पावलांनीच ती राखली. मोटारीच्या आगमनानंतर ही वाट संपुष्टात आली असा सर्वसाधारण समज आहे. तथापि गोदावरी, मांजरा व पैनगंगा यांच्या तीरांचा बारकाईने विचार केल्यास निराळे चित्र दिसते. मोटारीने काठवाट पुसली नाही. तिने तिचे तुकडे पाडले, आणि त्या तुकड्यांच्या टोकांशी प्रवासी गाडी आणून उभी केली. आज ज्यास पदभ्रमण म्हणतात, ते या भागात शक्य झाले ते या योगायोगामुळेच होय.

या वाटेचे प्राचीनत्व वाङ्मयावरूनही सिद्ध होते. गोदावरीस 'गंगा' म्हणण्याचा मराठी लोकांचा प्रघात जुना आहे. महानुभाव वाङ्मयात चक्रधरांच्या गंगातीरीच्या परिभ्रमणाचे उल्लेख वारंवार येतात, आणि 'स्थानपोथी'त तर स्थानांच्या दिशा व खुणा नोंदविलेल्या आहेत. तेराव्या शतकातील साधक नदीला सोबतीस ठेवून चालत असे, कारण पाणी, सावली व वस्ती या तिन्ही गोष्टी त्यास तेथे मिळत. पुढे 1708 मध्ये गुरू गोविंदसिंग नांदेडास आले, बंदासिंग बहादुर यांची व त्यांची भेट याच तीरावर झाली, आणि त्याच वर्षी गुरूंचे येथे देहावसान झाले. नगीना घाट व बंदा घाट ही स्थाने त्या काळाची स्मृती जपून आहेत. तेथून गोवर्धन घाटाकडे व नदीच्या वळणात उभ्या असलेल्या नंदगिरी किल्ल्याकडे काठाने चालत गेल्यास शहराच्या इतिहासातील अनेक पर्वे अल्प अंतरात पायाखालून जातात.

पक्की सडक मात्र नदीकाठाने गेली नाही, यास भौगोलिक कारण आहे. या खोऱ्यांतील जमीन काळी व भेगाळ. पावसाळ्यात ती चिखलाने गाडीचे चाक धरून ठेवते. शिवाय काठाजवळ प्रत्येक ओढा नदीस मिळण्यापूर्वी खोल घळ पाडतो. काठाने सडक न्यावयाची तर पावलोपावली मोरी बांधावी लागली असती. सडकेने म्हणून उंच माळाचा आश्रय घेतला व नदी केवळ ओलांडण्यापुरती जवळ केली. जेथे पूर्वी उतार होता किंवा होडी चालत असे, अशा अनेक ठिकाणी पूल झाले. परिणामी पायवाट नदीला समांतर व सडक नदीला आडवी, अशी रचना सिद्ध झाली. दोहोंची गाठ पडते ती पुलापाशी.

यांत्रिक वाहतुकीचे टप्पे सुपरिचित आहेत. हैदराबाद-गोदावरी खोरे लोहमार्ग 1901 पर्यंत मनमाडास जाऊन भिडला व नांदेड त्यावर आले. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी 1911 मध्ये लातुरास पोहोचली. निजाम सरकारच्या रेल्वेने 1932 मध्ये आपल्या मार्ग परिवहन खात्यामार्फत 27 मोटारी सुरू केल्या. सरकारी मालकीच्या प्रवासी मोटारसेवेचा तो भारतातील आरंभीचा प्रयोग होय. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी सत्तेचा शेवट झाला, 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि पुढे येथील सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या कक्षेत आली. रेल्वेने मोठी गावे जोडली. नदीकाठच्या लहान गावाच्या फाट्यावर थांबली ती मोटार.

या बदलाचा चालणाऱ्याच्या दृष्टीने अर्थ काय? पूर्वीच्या यात्रेकरूस जितके जावे तितकेच परत यावे लागे. म्हणून नदीकाठची यात्रा आठवड्यांची वा महिन्यांची असे, आणि ती विरक्तास किंवा शेतीच्या कामातून सवड झालेल्यासच साधत असे. एका पुलाशी उतरून दुसऱ्या पुलापर्यंत चालावे व सायंकाळच्या गाडीने घरी परतावे, ही सोय मोटारीने निर्माण केली. शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांना नदी एका दिवसाच्या आवाक्यात आली.

नांदेड-लातूर मार्ग हे याचे उत्तम उदाहरण होय. नांदेड सोडताना हा मार्ग गोदावरी ओलांडतो. लोहा, अहमदपूर व चाकूर मागे टाकून लातूर गाठण्यापूर्वी तो मांजरा ओलांडतो. एकाच तिकिटात दोन खोरी पाहावयास मिळतात. पहिल्या टोकास विष्णुपुरी आहे. तेथे काळेश्वराचे मंदिर, गोदावरीवरील उपसा सिंचन प्रकल्पाचा जलाशय आणि 1994 मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ ही तिन्ही जवळजवळ आहेत. दुसऱ्या टोकास लातूरजवळ मांजरेवर साई व नागझरी येथील बंधारे आहेत. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातुरास पाणी आणावे लागले, तेव्हा याच नदीच्या कोरड्या पात्रातून लोक चालले. त्या वर्षी पात्रातील गाळ लोकसहभागातून काढण्यात आला. नदी नकाशावरून कळते त्याहून पायांनी अधिक कळते, याचा तो कठोर पाठ होता.

काठवाटेवर राजकीय सीमांचेही ठसे आहेत. पैनगंगा ही दीर्घकाळ निजामी मुलूख व इंग्रजी अंमलाखालील वऱ्हाड यांच्यामधील हद्द होती. आता तिचे हे दोन्ही काठ एकाच राज्यात आहेत. किनवट मार्गावरील इस्लापूरला उतरून सहस्रकुंडाच्या धबधब्याकडे जाणारा प्रवासी एका जुन्या सरहद्दीवर उभा असतो, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. मांजरेच्या खालच्या टप्प्यात नेमके उलट घडले. 1956 पूर्वी तिचे दोन्ही काठ हैदराबाद संस्थानात होते. भाषावार पुनर्रचनेनंतर नदी राज्यांची सीमा झाली. कंदकुर्तीच्या संगमावर गोदावरी व मांजरा एकत्र येतात. तेथे एका काठाची मोटार महाराष्ट्राची, दुसऱ्या काठाची तेलंगणाची. यात्रेकरूचा संगम एकच राहिला, वेळापत्रके दोन झाली.

काठवाट अखंड आहे असे मात्र समजू नये. जलाशयांच्या फुगवट्याने जुने उतार बुडाले आहेत. गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2013 रोजी निर्णय दिला. त्यानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर या काळात त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. नदीची पातळी व पर्यायाने काठावरील वाट अशा रीतीने न्यायालयीन तारखांनीही ठरू लागली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर तेरणा खोऱ्यातील अनेक गावे नव्या जागी वसविली गेली. गाव हलले की नदीकडे जाणारी त्याची वाटही ओस पडते.

याहून सूक्ष्म धोका मोटारीच्या बाजूने आहे. नोव्हेंबर 2021 पासून एप्रिल 2022 पर्यंत चाललेल्या कर्मचाऱ्यांच्या संपात ग्रामीण फेऱ्यांवर अवलंबून असलेल्यांचे हाल झाले. पुढे 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस विनामूल्य प्रवास व 17 मार्च 2023 पासून स्त्रियांस निम्मे भाडे अशा सवलती देण्यात आल्या. आषाढी-कार्तिकीखेरीज घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धेसही त्यामुळे गोदावरीचा घाट जवळ झाला. सवलत असली तरी फेरी हवी. आडमार्गावरची एक सायंकाळची गाडी बंद झाली, की स्वतःचे वाहन नसलेल्यास नदीकाठचा तो टप्पा पुन्हा दोन दिवसांच्या अंतरावर जातो. म्हणजे वाट जागेवर राहते आणि चालणारा नाहीसा होतो.

सारांश, नांदेड व लातूर परिसरात नदीकाठची वाट व सार्वजनिक मोटार ही परस्परांची प्रतिस्पर्धी नसून पूरक आहेत. एकीचा इतिहास दुसरीवाचून पूर्ण होत नाही. स्थानपोथीच्या कर्त्यांनी तीर्थस्थानांच्या दिशा नोंदवून ठेवल्या, म्हणूनच ती स्थाने शोधता येतात. आजच्या काठवाटांची, त्यांच्या उतारांची, घाटांची व त्यांना जोडणाऱ्या फाट्यांची तशीच नोंद त्या वाटेने चालणारी माणसे आहेत तोवर व्हावयास हवी. बुडालेला उतार पाण्याखाली निदान राहतो. विसरलेल्या वाटेचा तेवढाही मागमूस उरत नाही.