खासगी वापराची लहान व्हॅन : भारतातील मोटार-कर व विमा यांच्या वर्गीकरणाचा इतिहास

भारतातील मोटार वाहतुकीचा इतिहास सामान्यतः एस.टी., मालमोटारी आणि रेल्वेशी झालेली स्पर्धा यांच्या आधारे मांडला जातो. मोटारगाडी आणि ट्रक यांच्या मध्ये मोडणारे एक लहान वाहन मात्र या मांडणीत दुर्लक्षित राहते. किराणा दुकानदार, भाजी बाजारात नेणारा शेतकरी, मंडपवाला किंवा सुतार यांच्या दारात उभी असणारी ही व्हॅन आठवडाभर माल वाहते आणि सुट्टीच्या दिवशी त्याच मालकाची माणसे नेते. ती भाड्याने चालत नाही. मालक तिला खासगीच समजतो. परंतु कर आकारणारे राज्य आणि विमा उतरविणारी कंपनी तिला कोणत्या वर्गात घालतात, हा वेगळा प्रश्न आहे. या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली आणि त्या बदलांची किंमत अनेकदा गाडीच्या मागील भागात बसलेल्या माणसांनी मोजली. प्रस्तुत लेखात या वर्गीकरणाचा मागोवा घेतला आहे.

१९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्याचा भर नोंदणी, चालकाचे लायसन्स व सार्वजनिक सुरक्षितता यांवर होता. कराचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो रस्त्यांच्या खर्चामुळे. बॅ. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीने पुढील वर्षी अहवाल दिला. त्यानुसार पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे अतिरिक्त शुल्क बसवून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. वाहनांवरील कर मात्र प्रांतांकडे राहिला. मुंबई प्रांताने १९३५ साली स्वतंत्र मोटार वाहन कर कायदा केला. पुढे विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ यांसह द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आल्यावर निरनिराळ्या प्रदेशांतील कर एका सूत्रात आणणे भाग पडले. त्यातून १९५८ चा मुंबई मोटार वाहन कर कायदा (१९५८ चा ६५ वा) जन्मास आला. महाराष्ट्रात पुढेही तोच लागू राहिला. कालांतराने त्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले.

या कायद्याच्या अनुसूचीत मोटारगाडीचा कर तिच्या भारमुक्त वजनावर, तर मालवाहू गाडीचा कर नोंदणीकृत भारित वजनावर ठरत असे. रस्ता झिजवील त्याने रस्त्याचा खर्च द्यावा, हे त्यामागील तत्त्व होय. सर्वोच्च न्यायालयानेही १९६२ साली राजस्थानातील मोटार-कराच्या प्रकरणात अशा कराला भरपाईस्वरूप कर मानले. (२०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ही उपपत्ती बाजूला सारली.) तत्त्व सरळ असले तरी लहान व्हॅनच्या बाबतीत ते अडखळते. रस्त्याची झीज माल वाहिला म्हणून होत नाही, वजन वाहिले म्हणून होते. आणि चार पोती तांदूळ व चार माणसे यांच्या वजनात मोठेसे अंतर नसते.

ब्रिटनमध्ये हाच पेच वेगळ्या रीतीने सुटला, आणि तो काहीसा गमतीदार आहे. तेथे १९४० साली आलेला खरेदी कर मोटारींना लागू होता. मालवाहू व्हॅन त्यातून मुक्त होती. चालकाच्या मागील बाजूस खिडक्या नसणे ही व्हॅनची खूण ठरली. त्यामुळे १९६० मध्ये बाजारात आलेली ‘मिनी’ची व्हॅन अनेक तरुण कुटुंबांनी केवळ स्वस्त पडते म्हणून घेतली. नंतर त्याच गाडीला खिडक्या बसविल्या की कराचा प्रश्न पुन्हा उभा राही. तेथे वर्ग ठरत होता पत्र्यावरून. भारतीय कायद्याने बांधणीबरोबर वापरही पाहिला, आणि पुढील सर्व गुंतागुंत तेथूनच सुरू झाली.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याची ‘मालवाहू वाहना’ची व्याख्या या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे. मालवाहतुकीसाठी बांधलेले किंवा तसे रूपांतर केलेले वाहन तर मालवाहू होतेच. तसे बांधलेले नसूनही केवळ माल वाहण्यासाठी, अथवा प्रवाशांच्या जोडीने माल वाहण्यासाठी वापरलेले वाहनही त्यात येई. म्हणजे माल व माणसे एकत्र जातात, हे वास्तव कायद्याने शब्दांत नोंदविले होते. याखेरीज या कायद्याने ‘सार्वजनिक वाहक’ व ‘खासगी वाहक’ असा भेद केला. स्वतःचा किंवा स्वतःच्या धंद्यासाठी आवश्यक तेवढाच माल वाहणारा मालक हा खासगी वाहक, आणि भाडे घेऊन इतरांचा माल नेणारा तो सार्वजनिक वाहक. दुकानदाराच्या व्हॅनला कायद्यात स्वतःचे नाव मिळाले ते येथे.

याच कायद्याच्या आठव्या प्रकरणाने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला. त्याचा नमुना १९३० चा ब्रिटिश रस्ते वाहतूक कायदा होता. तथापि हे प्रकरण प्रत्यक्षात अंमलात आले १ जुलै १९४६ रोजी. सक्तीच्या विम्यातून प्रवाशांना सामान्यतः वगळले होते. भाड्याने नेलेले प्रवासी किंवा नोकरीच्या करारामुळे गाडीत असलेली माणसे हेच अपवाद. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाताना झाडावर आदळलेल्या एका मोटारीच्या प्रकरणात, विनामोबदला नेलेल्या प्रवाशाचे संरक्षण सक्तीच्या विम्यात येत नाही, असे सांगितले. मोटारीत बसलेल्यांची उणीव पुढे सर्वंकष विमापत्राने बरीचशी भरून काढली आणि २००९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने परिपत्रक काढून ती बाब स्पष्ट केली. मालवाहू गाडीत बसलेल्यांच्या वाट्याला असे परिपत्रक आले नाही.

राज्यघटनेने हे विषय तीन सूचींत विभागले, हेही लक्षात घेतले पाहिजे. वाहनावरील कर राज्यसूचीत, विमा संघसूचीत, तर यांत्रिक वाहने व त्यांवरील कराची तत्त्वे समवर्ती सूचीत आली. परिणामी एकाच व्हॅनकडे तीन निरनिराळ्या अधिकारांतून पाहिले जाऊ लागले आणि प्रत्येक ठिकाणी ‘खासगी’ या शब्दाला वेगळा अर्थ प्राप्त झाला.

१९८४ मध्ये आलेल्या मारुती व्हॅनने ही विसंगती शहरी मध्यमवर्गाच्या दारात आणली. ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन ‘मारुती ८००’ मोटारीचेच होते. अंग मात्र डब्यासारखे. १९८८ मध्ये तिचे नाव ‘ओम्नी’ झाले आणि २०१९ पर्यंत तिचे उत्पादन सुरू राहिले. आसने असलेली व्हॅन मोटारगाडी म्हणून नोंदली जाई : पंधरा वर्षांची नोंदणी, खासगी मोटारीचा विमा. परंतु खासगी मोटारीच्या विमापत्रातील वापरविषयक मर्यादा सहसा कोणी वाचत नाही. भाड्याने वापर तर तीत वर्ज्य आहेच. नमुने व वैयक्तिक सामान यांखेरीज मालाची वाहतूकही वर्ज्य आहे. मागचे आसन काढून रोज सकाळी दुकानाचा माल आणणारा गृहस्थ स्वतःला खासगी वाहनाचा मालक समजत असे. विमापत्राच्या दृष्टीने तो मर्यादेबाहेर गेलेला असे.

१ जुलै १९८९ पासून अंमलात आलेल्या १९८८ च्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. खासगी वाहक व सार्वजनिक वाहक हा भेद वगळला आणि मालवाहू वाहनाच्या व्याख्येतून प्रवाशांचा उल्लेख काढून ‘केवळ’ मालासाठी बांधलेले वाहन असे शब्द योजले. मालवाहू वाहन हे परिवहन वाहन असल्याने त्याला मुदतीचे योग्यता प्रमाणपत्र लागे. तीन हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या गाडीस परवान्याची गरज ठेवली नाही, एवढीच लहान मालकाला सवलत. २००५ मध्ये ‘टाटा एस’, म्हणजे लोकभाषेतील ‘छोटा हाथी’, रस्त्यावर आल्यानंतर या वर्गातील वाहने खेड्यापाड्यांत पोहोचली. बाजाराला निघालेली बायामाणसे, मंडपाचे साहित्य लादणारे मजूर, वऱ्हाडातली पोरे सर्रास मागे बसू लागली. पूर्वी ती टेम्पोत बसत, त्याआधी बैलगाडीत. प्रवासाची ही रीत कायद्याहून जुनी आहे.

न्यायालयांत याचे पडसाद उमटले. डिसेंबर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या कायद्याखाली अशा प्रवाशांनाही विम्याचे संरक्षण आहे, असा अर्थ लावला. डिसेंबर २००२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरविला. दोन्ही कायद्यांतील व्याख्यांचा फरक त्या निर्णयाचा एक आधार होता : जुन्या व्याख्येत असलेले प्रवासी नव्या व्याख्येत नव्हते. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना संरक्षण दिले होते. २००४ साली न्यायालयाने ही दुरुस्ती विनामोबदला बसणाऱ्या इतरांपर्यंत पोहोचत नाही, असे ठरविले. भरपाईची जबाबदारी वाहनमालकावर राहिली. वाहनमालकाने स्वतः नेमलेल्या मजुरास कामगार भरपाई कायद्यापुरते संरक्षण होते. शेजाऱ्यास किंवा मालकाच्या पाहुण्यास नव्हते. ज्या मालकाकडे एक व्हॅन हीच काय ती मालमत्ता, त्याच्याकडून वसुली व्हावी कशी, हा प्रश्न प्रत्येक निकालानंतर मृताच्या घरी शिल्लक राहत असे.

कायद्यातून गेलेला ‘खासगी वाहक’ विम्याच्या दरपत्रकात मात्र टिकून राहिला, ही या इतिहासातील लक्षणीय बाब होय. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तृतीय पक्ष विम्याच्या वार्षिक दरांत एक हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीस २,०९४ रुपये हप्ता होता. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनास खासगी वाहक असल्यास ८,५१०, तर सार्वजनिक वाहक असल्यास १६,०४९ रुपये. १९३९ चा शब्द त्याची व्याख्या करणारा कायदा रद्द झाल्यावर तेहतीस वर्षांनीही हप्ता ठरवीत होता. लायसन्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाद्वारे पुन्हा, हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असणारा साडेसात हजार किलोपर्यंतचे परिवहन वाहनही चालवू शकतो, असे मान्य केले. चालकापुरती मोटार व लहान मालवाहू यांतील भिंत त्यामुळे दूर झाली.

विम्यात ती अधिक पक्की झाली. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेले व १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेले कलम १४७ परिवहन वाहनातील प्रवाशांना संरक्षण देताना मालवाहू वाहनातील विनामोबदला प्रवाशांना नाव घेऊन वगळते. कराची दिशा याउलट आहे. मोटारगाडीचा कर महाराष्ट्रात यापूर्वीच वजन सोडून किमतीच्या टक्केवारीने एकरकमी घेतला जाऊ लागला होता. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांवरही सात टक्के एकरकमी कर सक्तीने आकारण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला.