वस्तऱ्याची धार

वाचकहो, शहापूर आणि मुरबाडकडच्या वडीलधाऱ्यांना विचारा, गावच्या नाभिकाच्या धोपटीत काय काय असे? वस्तरा, कातर, आरसा, पाण्याची वाटी हे ते पटकन सांगतील. निसणा आणि चामड्याचा पट्टा या दोन वस्तू मात्र आठवून सांगाव्या लागतील. खरे कसब होते ते त्यांच्यापाशीच.

शिक्षकांनी मुलांना एक प्रश्न जरूर घालावा: पोलाद कठीण आणि केस मऊ, मग केसाने वस्तरा बोथट कसा होतो? केस पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ असतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा केस वाकताना धारेचे बारीक कपचे उडतात असे दिसले. दाढी आधी पाण्याने चांगली भिजवायची, हे आपल्या कारागिराला अनुभवाने ठाऊक होतेच. भिजलेला केस सहज कापला जातो.

आता दगड आणि पट्टा यांचे काम वेगवेगळे, बरं का. निसण्यावर पाणी किंवा तेल टाकून वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायची आणि धार पुढे करून पाते सरकवायचे. पोलाद झिजते, नवी धार निघते. पट्ट्यावर उलट चाल. पाठ पुढे, धार मागे. नाहीतर चामडेच चिरायचे. पट्ट्याने पोलाद फारसे झिजत नाही, वाकलेली धार सरळ होते. म्हणून पट्टा रोजचा, दगड अधूनमधून. पट्टा नसेल तर तळहातावरही वस्तरा फिरवीत. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येई!

शेफील्डचे विलायती वस्तरे मुंबईच्या बाजारात येत. १८६१ साली लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत पोचला आणि शहापूरच्या बाजूला मुंबईचा माल येण्याची वाट सोपी झाली. मुरबाडकरांना कल्याण गाठावे लागे. पण वस्तरा कुठलाही असो, तो राखायचे काम नाभिकाचेच. बलुतेदारीत वर्षभराच्या हजामतीचे मोल खळ्यावर धान्यात मिळायचे. धार लावण्याचे वेगळे दाम कोण देणार?

धार त्याची, पण ती कोणाच्या डोक्यावर फिरवायची हे मात्र गाव ठरवी. ब्राह्मण घरांत नवरा गेला की बाईचे केशवपन होई, आणि ते करणारा हात नाभिकाचा असे. १८९० साली मुंबईत 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली. विधवांच्या डोक्याला यापुढे वस्तरा लावायचा नाही, असा निश्चय शेकडो जणांनी केला. पोटावर पाय येण्याची भीती असताना गिऱ्हाइकाला नाही म्हणणे सोपे नव्हते. माझ्या मते ही सभा शाळेच्या पुस्तकात चार ओळींहून अधिक जागेची धनी आहे.

मात्र इतिहास एकाच बाजूने सांगू नये. हाच वस्तरा अस्पृश्य ठरवलेल्या जातींना नाकारला जाई. एखाद्याने त्यांची दाढी केली तर बाकीचे गाव त्याला बोलावीनासे होई. अशी सेवा नाकारणे १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने गुन्हा ठरवले. कायदा झाला तरी गावोगाव तो पाळला जायला बराच काळ लागला, हेही खरे.

पुढे सुटे पाते आले. अमेरिकेत जिलेटचा सुरक्षित वस्तरा १९०३ पासून विकला जाऊ लागला. बोथट झालेले पाते फेकून द्यायचे. भारतात १९८६ साली एचआयव्हीची पहिली लागण आढळली. रक्तातून रोग पसरण्याची भीती सगळीकडे बोलली जाऊ लागली आणि दुकानांतही दर गिऱ्हाइकाला नवे पाते लावण्याची रीत वाढली. आजच्या वस्तऱ्यात बहुधा ब्लेडचे अर्धे पाते अडकवलेले असते. त्याला ना निसणा लागत, ना पट्टा.

कुणाच्या घरी जुना निसणा असेल तर त्याच्या मधोमध बोट फिरवून पाहा. वापराने खळगा पडतो. तो पडू लागला की जाणता कारागीर निसणा दुसऱ्या दगडावर घासून पुन्हा सपाट करी, कारण खळग्याच्या दगडावर सरळ धार येत नाही.