पटत नाही, तरी काम चालू

ऑफिसात एकाशी पटेना, की अख्ख्या कामावरूनच मन उडतं. जळगाव जामोदचे माझे मित्र फोनवर हेच सांगतात. मी त्यांना आगरकरांची गोष्ट सांगतो. ते अकोल्याला शिकले, आणि आपला तालुका 1905 पर्यंत अकोला जिल्ह्यातच होता. म्हणजे आपलेच की!

1882 मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस सोबत होते. पुढे समाजसुधारणेवरून बिनसलं. 1887 मध्ये आगरकरांनी 'केसरी'चं संपादकपद सोडलं, 1888 मध्ये 'सुधारक' काढला. दोन पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. तरी 1890 मध्ये टिळक बाहेर पडेपर्यंत दोघं डेक्कन एज्युकेशन सोसायटीतच होते!

मनं दुखावली होतीच. पण आगरकरांनी मनासारखं लिहिता येईना ती खुर्ची सोडली, शिकवणं सोडलं नाही. दम्याचा त्रास असूनही 1892 मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि 1895 मध्ये वारले, तोवर तिथेच राहिले.

मला वाटतं, समोरचा बदलेल म्हणून थांबून राहू नये. हे काम आपण कशासाठी धरलंय, ते आधी स्वतःला विचारावं. मग काय सोडायचं अन् काय नाही, ते कळतं.