फाइल मॅनेजर : प्रिव्ह्यूमुळे येणारा संथपणा

फोल्डरातील फायलींचे थंबनेल किंवा प्रिव्ह्यू तयार करताना फाइल मॅनेजर मंदावणे, अडकणे किंवा बंद पडणे. विंडोजचा फाइल एक्सप्लोरर, ग्नोमचा नॉटिलस, केडीईचा डॉल्फिन, एक्सएफसीईचा थुनार आणि मॅकचा फाइंडर या सर्वांत हा दोष आढळतो. नुसती यादी दाखवायची तर फाइलचे नाव, आकार आणि तारीख एवढे पुरते, आणि ही माहिती फाइलप्रणालीत तयारच असते. थंबनेलसाठी मात्र प्रत्यक्ष फाइल उघडावी लागते, तिच्यातील चित्र उलगडावे लागते, ते लहान करून पुन्हा कुठेतरी साठवावे लागते. हे काम सहसा फाइल मॅनेजर स्वतः करत नाही, त्याचे मदतनीस प्रोग्रॅम करतात. त्यामुळे मंदपणाचे मूळ बहुधा एखाद्या ठरावीक फाइलमध्ये किंवा ठरावीक मदतनिसात सापडते, आणि कॅश पुसून टाकण्याचा सर्रास दिला जाणारा सल्ला फार थोड्या वेळा उपयोगी पडतो.

इतिहास : प्रिव्ह्यू आणि वेग यांचा झगडा जुना आहे. मूळ मॅकिंटॉशच्या चमूतील अँडी हर्ट्झफेल्ड ज्या ईझेल कंपनीत होते, तिने २००१ मध्ये नॉटिलसची पहिली आवृत्ती आणली. तीत मजकुराच्या फाइलच्या आयकॉनवर आतील ओळी बारीक अक्षरांत दिसत, ध्वनिफाइलवर माउस नेला की ती वाजू लागे. त्या काळच्या यंत्रांना हे झेपेना. नॉटिलस संथ आहे ही तक्रार त्याला पुढे बरीच वर्षे चिकटून राहिली. त्याच्या सेटिंगमध्ये वेगाच्या तडजोडीसाठी एक स्वतंत्र पान होते : प्रिव्ह्यू नेहमी दाखवा, फक्त स्थानिक फायलींचे दाखवा, कधीच दाखवू नका. हे तीन पर्याय थोड्याफार फरकाने आजही नॉटिलसमध्ये आहेत, आणि प्रस्तुत नोंदकाराच्या मते या विषयातील सर्वांत शहाणी रचना तीच आहे. ईझेल त्याच वर्षी बंद पडली.

विंडोज मी, २००० आणि एक्सपी यांत प्रत्येक फोल्डरात ‘थंब्स डॉट डीबी’ नावाची लपलेली फाइल तयार होई. व्हिस्टापासून ही साठवण वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये एकवटली आणि प्रत्येक आकारासाठी वेगळी थंबकॅश फाइल आली. नेटवर्कवरील फोल्डरांत मात्र थंब्स डॉट डीबी त्यानंतरही बनत राहिली. कार्यालयातील सामायिक फोल्डर पुसताना ‘फाइल वापरात आहे’ असा संदेश येतो, त्यामागे अनेकदा हीच फाइल असते. मॅकमध्ये स्पेसबार दाबून फाइल पाहण्याची क्विक लुक ही सोय २००७ मधील लेपर्ड आवृत्तीपासून आहे.

कार्यपद्धती : लिनक्सवरील बहुतेक फाइल मॅनेजर फ्रीडेस्कटॉपचे थंबनेलविषयक मानक पाळतात. हे मानक संपूर्ण उपलब्ध आहे, आणि ते समजले की निम्मे दोष आपोआप उलगडतात. होम फोल्डरातील लपलेल्या कॅश फोल्डरात थंबनेल्स नावाचा फोल्डर असतो. त्याच्या आत आकारानुसार उपफोल्डर : नॉर्मल म्हणजे १२८ पिक्सेल, लार्ज म्हणजे २५६, त्यापुढे ५१२ आणि १०२४. मूळ फाइलचा पूर्ण पत्ता यूआरआयच्या रूपात घेऊन त्याचा एमडी-५ हॅश काढतात, आणि तो हॅश हेच थंबनेलच्या पीएनजी फाइलचे नाव होते. त्या पीएनजीच्या आत मूळ पत्ता आणि मूळ फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ नोंदवलेली असते. फोल्डर उघडला की वेळ जुळते का हे पाहायचे. जुळली तर तयार चित्र दाखवायचे, न जुळल्यास नवे करायचे.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली : हॅश पत्त्याचा असतो, आतल्या चित्राचा नसतो. फोल्डरचे नाव बदलले किंवा तो दुसरीकडे हलवला की आतील प्रत्येक फाइलचा पत्ता बदलतो. फाइल मॅनेजरबाहेर, टर्मिनलमधून वा दुसऱ्या प्रोग्रॅममधून हे केले, तर जुनी थंबनेल्स कॅशमध्ये अनाथ पडून राहतात आणि नवी पहिल्यापासून तयार होतात. दुसरी : वेळ बदलली की थंबनेल बाद होते. डाउनलोड चालू असलेल्या व्हिडिओची वेळ सतत पुढे सरकते, म्हणून डाउनलोड्सचा फोल्डर उघडा ठेवला तर एकाच अर्धवट फाइलवर पुन्हा पुन्हा प्रयत्न होऊ शकतात.

मानकात ‘फेल’ नावाचाही एक फोल्डर आहे. एखाद्या फाइलचे थंबनेल जमले नाही तर तिथे तशी खूण ठेवायची, म्हणजे फाइल बदलेपर्यंत पुन्हा कोणी त्या वाटेला जाणार नाही. अडचण येते ती मदतनीस ही खूण ठेवण्याआधीच कोसळला किंवा लटकला तर. मग फोल्डर उघडण्याच्या प्रत्येक वेळी तीच फाइल, तोच प्रयत्न, तोच खोळंबा. एकच बिघडलेली पीडीएफ किंवा अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ संपूर्ण फोल्डर जड करतो तो असा. याउलट, मदतनीस नंतर दुरुस्त झाला तरी जुनी खूण तशीच राहते आणि फाइलवर साधा आयकॉनच दिसत राहतो. अशा वेळी फक्त फेल फोल्डर रिकामा करावा, बाकी कॅशला हात लावण्याचे कारण नाही.

ग्नोममध्ये कॅशची सफाई आपोआप होते. मूळ मर्यादा १८० दिवस आणि ५१२ एमबी अशी आहे. हजारो फोटो असणाऱ्याला ती अपुरी पडू शकते, आणि मग जुनी थंबनेल्स पुसली जाऊन पुन्हा तयार होण्याचे चक्र सुरू राहते.

देवनागरी नावे : यूआरआयमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरी संकेतात लिहिले जाते. फाइल मॅनेजरला त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो मराठीतल्या ‘ऱ’मुळे. ‘वऱ्हाड’ हे फोल्डरचे नाव घ्या. युनिकोडमध्ये ‘ऱ’ एकसंध चिन्ह म्हणून लिहिला तर हे नाव सहा चिन्हांचे होते आणि यूआरआयमध्ये ५४ अक्षरे घेते. ‘र’ आणि नुक्ता असा फोडून लिहिला तर सात चिन्हे आणि ६३ अक्षरे. ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह वापरून लिहिण्याची तिसरी रीतही काही कीबोर्डांत आहे. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, हॅश मात्र तीन वेगळे येतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नाव साठवताना ‘ऱ’ फोडते. तिथून झिप होऊन लिनक्सवर आलेला लग्नाच्या फोटोंचा फोल्डर आधीच्या फोल्डरशेजारी त्याच नावाने उभा राहू शकतो, आणि आतील प्रत्येक फोटोचे थंबनेल दुसऱ्यांदा बनते. मराठी नावे टाळा असा याचा अर्थ मुळीच नाही; शेजारी शेजारी दिसणारे दोन फोल्डर खरोखर एकच आहेत का, एवढे तपासावे.

संथपणाची कारणे : फाइलच्या प्रकारावर बरेच अवलंबून असते. जेपीईजी उलगडताना ते आठव्या हिश्श्याच्या आकारातच उलगडण्याची सोय लिबजेपीईजीत आहे, म्हणून मोठा फोटोही चटकन लहान होतो. पीएनजीत ही सोय नाही. ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा फोटो पीएनजीत असेल तर २५६ पिक्सेलच्या चित्रासाठीही सुमारे ७२ एमबीचा पूर्ण उलगडा करावा लागतो. छापखान्यांत स्कॅन करून ठेवलेल्या मोठ्या टिफ फायलींचीही बहुधा हीच गत होते. स्कॅन केलेल्या पीडीएफचे पहिले पान जेपीईजी-२००० मध्ये असले तर तेही वेळ खाते.

कॅमेऱ्याच्या जेपीईजीत एक्झिफ माहितीसोबत १६० गुणिले १२० पिक्सेलचे तयार थंबनेल असते, आणि ते फाइलच्या सुरुवातीच्या सुमारे ६४ केबीतच मावते. लहान आकारासाठी ते चालते. मोठा आकार निवडला की ते अपुरे ठरून पूर्ण फाइल वाचावी लागते. नेटवर्कवर हा फरक प्रकर्षाने जाणवतो : प्रत्येकी ८ एमबीचे २०० फोटो म्हणजे १६०० एमबी, आणि १०० मेगाबिटच्या जाळ्यावर ते वाचायला दोन मिनिटांहून अधिक लागतात. तेच काम तयार थंबनेलवर भागले तर एक-दोन सेकंदांचे असते.

एमपी-४ व्हिडिओची सूची अनेकदा फाइलच्या शेवटी असते. ती आधी वाचायची, मग मागे येऊन एखादी फ्रेम काढायची, आणि तीही जवळच्या मुख्य फ्रेमपासून उलगडत आणायची. फोन केबलने जोडला असेल तर फायली पोहोचवणारी एमटीपी ही पद्धत एका वेळी एकच व्यवहार करते, त्यामुळे थंबनेल चालू असताना कॉपीही ताटकळते.

निदान : प्रथम प्रिव्ह्यू पूर्ण बंद करून फोल्डर उघडावा. विंडोजमध्ये फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू पानावर ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ हा पर्याय आहे. बाजूची प्रिव्ह्यूची चौकट ऑल्ट आणि पी दाबून मिटते. तरीही फोल्डर रेंगाळला तर दोष प्रिव्ह्यूचा नाही. नेटवर्क, अँटिव्हायरस किंवा डिस्ककडे वळावे. फोल्डर झटक्यात उघडला तर पुढची पायरी म्हणजे मदतनीस ओळखणे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये थंबनेलची कामे ‘कॉम सरोगेट’ या नावाखाली आणि चौकटीतील प्रिव्ह्यू ‘प्रिव्ह्होस्ट’ या नावाखाली दिसतात. थुनारसोबत टंबलर हा मदतनीस असतो. पेनड्राइव्ह काढताना ‘वापरात आहे’ म्हणून अडवणूक झाली की पहिला संशय त्याच्यावर घ्यावा.

फाइल ओळखण्यासाठी लिनक्सवर चालू प्रक्रियेची पूर्ण आज्ञा पाहणे हा सरळ मार्ग. ग्नोममध्ये मात्र २०१७ पासून थंबनेलचे मदतनीस बबलरॅपच्या बंदिस्त कोठडीत चालतात, आणि मदतनिसाच्या आज्ञेत मूळ नावाऐवजी तात्पुरते नाव दिसते. मूळ नाव बबलरॅपच्या आज्ञेत सापडते. हे ठाऊक नसलेला माणूस नसलेली फाइल शोधत बसतो. विंडोजवर प्रोसेस मॉनिटर हे सिसइंटर्नल्सचे साधन कामी येते. काहीच हाताशी नसेल तर निम्म्या फायली नव्या फोल्डरात हलवाव्यात, कोणता अर्धा भाग अडतो ते पाहावे, आणि तो पुन्हा अर्धा करावा. हजार फायलींतील दोषी फाइल दहा फेऱ्यांत हाती लागते.

उपाय : दोषी फाइल सापडली तर ती बाजूला ठेवणे किंवा नव्याने डाउनलोड करणे एवढाच उपाय. मदतनीस दोषी असेल तर तेवढाच बंद करावा. टंबलरच्या आरसी फाइलमध्ये प्रत्येक मदतनिसाला वेगळी आकारमर्यादा घालता येते किंवा तो बंद करता येतो. मूळ फाइल न बदलता तिची प्रत स्वतःच्या कॉन्फिग फोल्डरात ठेवून बदल करावा. डॉल्फिनमध्ये प्रकारानुसार प्रिव्ह्यू निवडता येतात, आणि दूरच्या फायलींसाठी मर्यादा वेगळी ठेवता येते. विंडोजमध्ये बाहेरच्या कंपन्यांनी बसवलेले विस्तार निरसॉफ्टच्या शेलएक्सव्ह्यूने एकेक करून बंद करता येतात. मिश्र फायलींच्या फोल्डराला विंडोजने ‘पिक्चर्स’ ठरवले असेल तर प्रॉपर्टीजमधील कस्टमाइझ पानावर ‘जनरल आयटम्स’ निवडावे. डाउनलोड्सबाबत हा उपाय बऱ्याच जणांना लागू पडतो.

संपूर्ण कॅश पुसण्याबाबत मतभेद आहेत. कॅशची सूचीच बिघडली असेल, चुकीची चित्रे दिसत असतील, तर पुसणे योग्य. एरवी पुसल्यावर सगळी थंबनेल्स पुन्हा तयार करावी लागतात, म्हणजे ज्या कामाने यंत्र दमले तेच काम त्याला नव्याने लावले जाते.

सुरक्षितता : प्रिव्ह्यू म्हणजे वापरकर्त्याने न उघडलेली फाइल यंत्राने उघडणे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमने शॉर्टकटचा आयकॉन दाखवण्यातील विंडोजची त्रुटी वापरली होती. ऑक्टोबर २०२५ च्या सुरक्षा अद्यतनांपासून इंटरनेटवरून उतरवलेल्या फायलींचा प्रिव्ह्यू फाइल एक्सप्लोरर आपोआप बंद ठेवतो. हा दोष समजून सेटिंग बिघडवू नये.

मॅक ओएस : टर्मिनलमधून ‘क्यूएलमॅनेज’ आज्ञेने क्विक लुक आणि त्याची कॅश नव्याने सुरू करता येते.

डिस्कचा दोष : वरीलपैकी काहीच लागू पडत नसेल आणि संथपणा एकाच डिस्कवर, वेगवेगळ्या प्रकारच्या फायलींवर येत असेल, तर डिस्क खराब होत असण्याची शक्यता धरावी. खराब भाग वाचताना डिस्क तोच प्रयत्न अनेकदा करते. यादी पाहताना हे कळत नाही, कारण तेव्हा फायलींचा आतला भाग वाचलाच जात नाही. थंबनेल तो वाचतात आणि दोष प्रथम तिथे दिसतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी ‘स्मार्ट’ माहिती ठेवते ती तपासावी. ती शंकास्पद असेल तर प्रिव्ह्यू बंद करून आधी सर्व फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी, आणि सेटिंगकडे त्यानंतरच वळावे.