राष्ट्राच्या पापांची कबुली : ७ ऑक्टोबर १८५७ चा उपवासदिन

१८५७ च्या उठावाचा अभ्यास करताना आपले लक्ष मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी यांच्याकडे असते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वर्षी बुधवार, ७ ऑक्टोबर रोजी इंग्लंडमध्ये जे घडले, तेही या इतिहासाचाच भाग आहे. राणी व्हिक्टोरियाच्या जाहीरनाम्यानुसार तो दिवस उपवास, दीनता आणि प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळण्यात आला. हिंदुस्थानात ओढवलेले संकट हा राष्ट्राच्या पापांबद्दल देवाने केलेला दंड आहे, म्हणून सर्व राष्ट्राने एकत्रितपणे पश्चात्ताप करावा, ही त्यामागील कल्पना होती.

ही कल्पना नवीन नव्हती. १८४७ मध्ये आयर्लंडमधील दुष्काळाच्या वेळी आणि १८५४ व १८५५ मध्ये क्रिमियन युद्धाच्या काळात असे दिवस पाळले गेले होते. तिचे मूळ बायबलच्या जुन्या करारात आहे. दानीएलाच्या पुस्तकातील नवव्या अध्यायात दानीएल आपल्या लोकांसाठी प्रार्थना करतो. तो स्वतः नीतिमान आहे. तरीही तो 'त्यांनी पाप केले' असे न म्हणता 'आम्ही' असा शब्द वापरतो. व्यक्तीच्या पापाप्रमाणे समूहाचेही पाप असते आणि निर्दोष माणसानेही ते आपले म्हणून कबूल करावे, हा विचार येथून ख्रिस्ती परंपरेत आला.

त्या दिवशीची सर्वांत मोठी सभा लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये भरली. प्रवचनकार होते चार्ल्स स्पर्जन, वय अवघे २३. श्रोत्यांची नोंदलेली संख्या २३,६५४ होती, आणि तेव्हा ध्वनिवर्धक नव्हता! त्यांनी आधी दानीएलाचा नववा अध्याय वाचला, मग मीखाच्या पुस्तकातील दंडाविषयीच्या वचनावर प्रवचन केले.

या प्रवचनात इंग्लंडमधील अनीती आणि श्रीमंतांनी गरिबांवर केलेला अन्याय यांचा उल्लेख आहे. कंपनी सरकारलाही त्यांनी सोडले नाही. छळ झालेल्या एतद्देशीयांचा आक्रोश आणि पदच्युत राजांचे शाप ज्याने ऐकले असतील, त्याला हे संकट आधीच दिसले असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे अलंकारिक बोलणे नव्हते. महसूल वसुलीसाठी रयतेचा शारीरिक छळ होतो, हे मद्रास इलाख्यातील चौकशी आयोगाने १८५५ मध्येच मान्य केले होते. सातारा (१८४८), झाशी आणि नागपूर (१८५४), अवध (१८५६) ही राज्ये खालसा झाल्याच्या आठवणी तर ताज्याच होत्या.

मात्र याच प्रवचनात बंडखोर शिपायांना कठोर शासन करण्याची मागणीही आहे. शिपाई हे परके शत्रू नसून गुन्हेगार प्रजा आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. शिवाय हिंदू धर्माला सरकारने मोकळीक दिली हेच त्यांच्या मते सरकारचे एक मोठे पाप होते. इतर अनेक प्रवचनकारांचा सूरही असाच होता: आपण हिंदुस्थानात ख्रिस्ती धर्माचा प्रसार पुरेशा धैर्याने केला नाही, देवस्थानांच्या कारभारात भाग घेतला, जातिभेद सांभाळला. काहींनी अफूच्या व्यापाराचाही निषेध केला, ही जमेची बाजू.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दानीएलाने प्रार्थना केली तेव्हा तो पराभूत आणि निर्वासित होता. त्याचे शहर उद्ध्वस्त झाले होते. ७ ऑक्टोबरला इंग्लंड साम्राज्याच्या सिंहासनावर बसून तीच प्रार्थना म्हणत होते. दिल्ली सप्टेंबरमध्येच इंग्रजांच्या हाती आली होती, पण ती बातमी अद्याप लंडनला पोहोचायची होती. त्यामुळे श्रोत्यांची भीती खरी होती आणि दुःखही खरे होते. कानपूरच्या बातम्यांनी घरोघरी शोक पसरला होता. या पश्चात्तापाला केवळ ढोंग म्हणणे मला पटत नाही. अडचण वेगळी होती. कबुलीतील 'आम्ही' इंग्रजांपुरता होता आणि ऐकणाराही देवच होता. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांना आपले म्हणणे मांडायला त्या सभेत जागा नव्हती. म्हणून सातारच्या गादीपेक्षा धर्मप्रसारातील ढिलाई हे अनेकांना मोठे पाप वाटू शकले. त्या दिवशी देणग्याही गोळा झाल्या, त्या उठावात हानी झालेल्या ब्रिटिश कुटुंबांसाठी. अलाहाबाद-बनारसच्या परिसरात फासावर चढवलेल्यांच्या कुटुंबांसाठी नव्हे.

पुढे सरकारने प्रवचनकारांचे ऐकले नाही. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात प्रजेच्या धर्मात हस्तक्षेप करणार नाही असे आश्वासन देण्यात आले. देशी संस्थानिकांचे हक्क राखण्याचे आणि राज्यविस्तार न करण्याचे वचनही त्यात होते. खालसा धोरण चुकले याची ही जवळजवळ कबुलीच, फक्त ती राजनीतीच्या भाषेत होती. १ मे १८५९ रोजी हिंदुस्थानात शांतता प्रस्थापित झाल्याबद्दल इंग्लंडमधील चर्चमध्ये उपकारस्तुती झाली. राजाज्ञेने पाळलेला १८५७ सारखा उपवासदिन मात्र तेथे पुन्हा झाला नाही.