परवान्यावरचा शेरा

सरकारी नोकर दंडाला भीत नाही, शेऱ्याला भितो. पगारातून पैसे कापले गेले तर तो महिनाभर कुरकुरतो आणि विसरतो. पण सेवापुस्तकात वाईट ओळ पडली की निवृत्तीपर्यंत ती त्याची पाठ सोडत नाही. मी कारकून असल्यामुळे असेल, पण वाहतुकीच्या कायद्यांचा इतिहास चाळताना मला सारखे हेच आठवत होते. रस्त्यावर चुकणाऱ्याचे काय करायचे? तुरुंगाची गोष्ट सोडली तर यावर मुख्यतः दोन उत्तरे आहेत. पैसे घ्या, नाहीतर लिहून ठेवा.

पैशांचे उत्तर फार जुने. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांचा चक्क वेगळा विचार केलेला आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, हाकणाऱ्याने ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडून सांगितले, अशा दहा प्रसंगी दंड नाही. पण हाकणारा अडाणी म्हणून गाडी भरकटली आणि इजा झाली, तर दोनशे पण दंड मालकाला! असा माणूस कामावर ठेवलाच का, हा त्यामागचा हिशेब. हाकणारा जाणता असेल तर मात्र दंड त्यालाच. त्या ग्रंथातल्या इतर अनेक दंडांविषयी माझे मत अजिबात चांगले नाही, पण इथे मालकाला धरण्याची बुद्धी दाद देण्यासारखी आहे. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीत अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आली. सूत्र तेच, मालकाला विचारा.

लिहून ठेवण्याचे उत्तर आले ते परवान्याबरोबर. ब्रिटिश हिंदुस्थानात मोटार वाहन कायदा 1914 साली झाला, मग 1939 चा आणि आताचा 1988 चा. या 1988 च्या कायद्याचे कलम 24 कुणी फारसे वाचत नाही. त्यात परवान्यावर शेरा मारण्याची व्यवस्था आहे. पुढच्या कलम 25 प्रमाणे नवीन परवाना घेतला तरी शेरा त्याच्यावर उतरवून घ्यायचा. तीन वर्षे सलग दुसरा शेरा पडला नाही तर माणसाला कोरा परवाना मागण्याचा हक्क. शेरा नुसत्या वेगाचा असेल तर एका वर्षात. किती समंजस कलम आहे पाहा! आठवण ठेवा, पण जन्मभर नको.

मग हे चालले का नाही? माझ्या मते कारण आमच्याच धंद्यातले आहे. शेरा मारण्याआधी प्रकरण न्यायालयापर्यंत किंवा परवाना अधिकाऱ्यापर्यंत जावे लागते, आणि बहुतेक प्रकरणे तडजोडीची रक्कम भरून जागेवरच मिटत. पावती फाटली, विषय संपला. म्हापशाला फाटलेली पावती मडगावच्या पोलिसाला कशी दिसणार? शंभर रुपये वाचवण्यासाठी कुणी स्वभाव बदलत नाही.

जर्मनांनी हा दप्तराचा प्रश्न सोडवला. डेन्मार्कच्या सीमेजवळ फ्लेन्सबुर्ग नावाचे गाव आहे. तिथे 1958 पासून साऱ्या देशातल्या वाहनचालकांच्या गुन्ह्यांची एकच मध्यवर्ती नोंदवही ठेवली जाऊ लागली. 1974 मध्ये त्या नोंदींना पॉइंट जोडले गेले. गुन्हा जितका मोठा तितके पॉइंट जास्त, आणि अठरा भरले की परवाना गेला. 2014 पासून हिशेब सुटसुटीत झाला, आता आठालाच परवाना जातो. ठरावीक वर्षांनी जुने पॉइंट पुसलेही जातात. एका नोंदवहीमुळे गावाचे नाव घराघरात गेले, हे कुठल्याही कारकुनाला सुखावणारे आहे.

आपल्या जुन्या राज्यकर्त्यांची तऱ्हा याच्या उलटी. पोर्तुगालने 1 जून 1928 रोजी रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. गोवा मात्र डावीकडेच राहिला, कारण सीमेपलीकडचा सारा मुलूख डावीकडून चालणारा. पुढे 1 जून 2016 रोजी (तारीख पुन्हा तीच!) तिथे पॉइंटचा परवाना सुरू झाला. जर्मनीत पॉइंट चढतात, पोर्तुगालमध्ये उतरतात. प्रत्येकाला सुरुवातीला बारा मिळतात. गंभीर चुकीला दोन जातात, अतिगंभीर चुकीला चार. दारूसारखी गोष्ट असेल तर आणखी एक. फौजदारी गुन्ह्याला सहा. चार-पाच उरले की प्रशिक्षणाला जाऊन बसायचे, तीन किंवा कमी उरले की लेखी परीक्षा पुन्हा द्यायची. शून्य झाले की परवाना रद्द, आणि दोन वर्षे नवीन नाही. पण तीन वर्षे नीट चालवलीत तर तीन पॉइंट परत! आपल्या कलम 25 मधली तीन वर्षे इथे पुन्हा भेटली तेव्हा मला गंमत वाटली.

भारतात 2014 च्या मसुद्यात पॉइंट होते. 2019 च्या कायद्यात ते उरले नाहीत, आकडे तेवढे वाढले. किरकोळ गुन्ह्याचे शंभर होते ते पाचशे झाले, दारूचे दोन हजार होते ते दहा हजारांपर्यंत गेले. गोवा सरकारने तेव्हा ‘आधी रस्ते, मग दंड’ म्हणून अंमलबजावणी पुढे ढकलली. शेजारच्या कर्नाटकाने फेब्रुवारी 2023 मध्ये थकलेल्या ई-चलनांवर निम्मी सूट दिली आणि लोकांनी रांगा लावल्या. सूट मिळते ती किंमत. अशा दंडाला शिक्षा कशी म्हणायची?

म्हणून मी पॉइंटच्या बाजूचा आहे. दहा हजार रुपये कुणाची एका रात्रीची मेजवानी, तर कुणाचा महिन्याचा पगार. बारा पॉइंट मात्र दोघांना बाराच. तरीही एक गोष्ट खटकते. हेल्मेट नसेल तर आजच्या कायद्यात हजार रुपयांबरोबर तीन महिने परवाना गमावण्याची तरतूद आहे. पदरी ड्रायव्हर असलेल्या माणसाला हे तीन महिने जाणवणारही नाहीत. आमच्या पिवळ्या मडगार्डवाल्या मोटारसायकल पायलटाचे पोट त्याच परवान्यावर चालते. आणि त्याला पोर्तुगालसारखा प्रशिक्षणाचा किंवा परीक्षेचा टप्पा मध्ये नाही. दंड भरा, आणि तीन महिने घरी बसा.