हाशिमा

हाशिमा : जपानच्या क्यूशू बेटाच्या पश्चिमेस, नागासाकी प्रांतातील एक खडकाळ बेट व त्यावर १८९० ते १९७४ या काळात नांदलेले कोळसाखाणीचे गाव. नागासाकी बंदराच्या नैर्ऋत्येस २० किमी.च्या आत. लांबी सुमारे ४८० मी., रुंदी १६० मी., क्षेत्रफळ ६.३ हेक्टर. मुंबईच्या शिवाजी पार्कच्या मैदानावर हे बेट ठेवले, तर अर्ध्याहून थोडे अधिक मैदान व्यापेल. एवढ्याशा जागेत १९६० च्या सुमारास ५,२५९ माणसे राहत होती. आज तेथे कोणीही राहत नाही. उंच समुद्रभिंत व तिच्यामागे उभी ठाकलेली इमारतींची रांग यांमुळे बेट दुरून युद्धनौकेसारखे दिसते. १९२१ मध्ये नागासाकीच्या एका दैनिकाने त्याची तुलना ‘तोसा’ या युद्धनौकेशी केली. ‘गुन्कानजिमा’ म्हणजे ‘युद्धनौका बेट’ हेच नाव आता जगभर अधिक परिचित आहे.

येथे कोळसा असल्याचे १८१० च्या सुमारास लक्षात आले, असे मानतात. किनाऱ्यावरचे लोक उघडा पडलेला थर खणून नेत. यंत्रयुग आले ते शेजारच्या ताकाशिमा बेटावरून. सागा संस्थान आणि नागासाकीत व्यवसाय करणारा स्कॉटिश व्यापारी टॉमस ग्लोव्हर यांनी तेथे पाश्चात्त्य पद्धतीचा कूपक खणला व १८६९ मध्ये त्याला कोळसा लागला. ती खाण १८८१ मध्ये मित्सुबिशीच्या ताब्यात गेली. १८९० मध्ये कंपनीने हाशिमाही एक लाख येनला विकत घेतले. हाशिमाचा कोळसा उत्तम प्रतीचा, कोक करण्याजोगा होता आणि यावाता येथील पोलाद कारखान्याला तो हवाच होता. त्यामुळे खाण झपाट्याने खोल गेली.

बेट मुळात आजच्या एक तृतीयांशाएवढेच होते. कोळशाबरोबर निघणारा टाकाऊ दगड समुद्रात लोटून १९३१ पर्यंत टप्प्याटप्प्याने जमीन वाढवली गेली. तिच्याभोवती चुना व लाल मातीच्या गिलाव्यात दगड बसवून भिंती घातल्या. गावाच्या पायाखालची बरीचशी जमीन अशी खाणीच्या पोटातूनच आली आहे.

खाण समुद्रतळाच्या खाली होती. पिंजऱ्यातून ६०० मी.पेक्षा अधिक खोल उतरायचे, तेथून तीव्र उताराच्या बोगद्यांतून कोळशाच्या तोंडाशी जायचे. सर्वांत खोल जागा समुद्रसपाटीखाली सुमारे १,००० मी.वर होती. तापमान ३० अंश, हवेतील आर्द्रता ९५ टक्के, शिवाय ज्वलनशील वायूची कायमची धास्ती. पाळी संपवून वर आलेला कामगार आधी अंगावरच्या कपड्यांसह समुद्राच्या पाण्याच्या हौदात उतरे, मग दुसऱ्या खाऱ्या हौदात, आणि शेवटी गोड्या पाण्यात. या क्रमाचे कारण गोड्या पाण्याची टंचाई. सुरुवातीला समुद्राचे पाणी उकळून त्याच्या वाफेपासून पिण्याचे पाणी करीत, पुढे ते बोटीने येऊ लागले. समुद्रतळावरून नळ आला तो १९५७ मध्ये.

जागा नाही म्हणून गाव वर चढत गेले. १९१६ मध्ये बांधलेली ३० क्रमांकाची इमारत ही जपानमधील सर्वांत जुनी प्रबलित काँक्रीटची निवासी इमारत मानली जाते. दोन वर्षांत तिच्याजवळ नऊ मजली इमारतींची रांग उठली. पश्चिमेच्या इमारती घरे होत्या तशाच लाटा अडवणाऱ्या भिंतीही होत्या. ३१ क्रमांकाची इमारत किनाऱ्याच्या वळणाबरोबर वळलेली आहे. इमारती जिन्यांनी व पुलांनी अशा जोडलेल्या होत्या की, पावसात छत्री न उघडता गावभर हिंडता येई, असे जुने रहिवासी सांगतात. कोण कोठे राहणार हे मात्र कंपनी ठरवी. खाणप्रमुखाचे घर खडकाच्या माथ्यावर. अधिकाऱ्यांना स्वतंत्र स्वयंपाकघर व शौचालय. कामगार कुटुंबांना एक-दोन खोल्या व सामाईक शौचालये. ठेकेदाराच्या मजुरांना सर्वांत वाईट जागा. पत्ता सांगताच माणसाचा हुद्दा कळत असे.

तरीही हे भरले गाव होते. शाळा, रुग्णालय, चित्रपटगृह, देऊळ, बुद्धमंदिर, सार्वजनिक स्नानगृहे, बाहेरून भाजीपाला आणणाऱ्या विक्रेत्यांचा बाजार. एप्रिलमध्ये खाणीच्या रक्षक देवतेचा उत्सव होई व त्या दिवशी गाव काम विसरे. शाळेची सात मजली इमारत १९५८ ची. बेटावर माती नव्हती. बाहेरून माती आणून गच्च्यांवर भाजीपाला लावला गेला, तेव्हा कित्येक मुलांनी उगवणारे रोप प्रथमच पाहिले. युद्धोत्तर काळात पगार चांगले, घरभाडे नाममात्र, त्यामुळे टीव्ही व कपडे धुण्याचे यंत्र येथे जपानच्या पुष्कळ शहरांआधी घरोघरी पोचले. वादळात लोक गच्चीवर जमून भिंतीवरून उसळणाऱ्या लाटा पाहत. पक्का धक्का १९६२ पर्यंत नव्हता. खवळलेल्या समुद्रात होडीतून बेटावर चढणे जोखमीचे होते. दहनालाही जागा नव्हती. मृतदेह बोटीने शेजारच्या नाकानोशिमा या निर्जन बेटावर नेत.

हाशिमाचे वर्णन पुष्कळदा या गच्च्यांपाशी व टीव्हीपाशी संपते. ते अपुरे आहे. १९३९ नंतर युद्धासाठी कोळसा वाढवण्याच्या मोहिमेत अनेकशे कोरियन आणि पुढे दोनशेच्या आसपास चिनी मजूर येथे आणले गेले. खाणीचे सर्वाधिक वार्षिक उत्पादन १९४१ मधले, सुमारे ४ लाख १० हजार टन. अपुरे अन्न, मारहाण, अरुंद भेगांत पडून राहून कोळसा फोडणे आणि सुटकेसाठी समुद्रात उडी घेणारे सोबती यांच्या हकिगती वाचलेल्यांच्या साक्षींत आहेत. त्यांच्या दृष्टीने समुद्रभिंत ही तुरुंगाची भिंत होती. ११ जून १९४५ रोजी अमेरिकेच्या ‘टिरांटे’ या पाणबुडीने बेटालगत ‘हाकुजु मारू’ ही कोळशाची बोट बुडवली. दोन महिन्यांनी नागासाकीवर अणुबाँब पडला. मजुरांची सुटका युद्ध संपल्यावरच झाली. आपल्या बालपणाचे गाव म्हणून हाशिमावर जीव लावणारे लोक खोटे बोलत नाहीत. तेथे नरक भोगला असे सांगणारेही खोटे बोलत नाहीत. दोघे एकाच बेटावर, पण वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या मजल्यांवर राहिले.

उतरती कळा लवकर लागली. १९६४ मध्ये खाणीत कोळसा आपोआप पेटला. आग विझवण्यासाठी तो भाग पाण्याने भरावा लागला व पुष्कळ कुटुंबे निघून गेली. पुढच्या वर्षी नव्या थरात काम सुरू झाले, पण जपानचे उद्योग तोवर तेलाकडे वळले होते. मित्सुबिशीच्या काळात एकूण दीड कोटी टनांहून अधिक कोळसा देऊन खाण १५ जानेवारी १९७४ रोजी बंद झाली. घर कंपनीचे, पाणी कंपनीचे, बोटही खाणीच्या आधाराने चालणारी; खाण गेल्यावर राहण्यासारखे काही उरले नाही. २० एप्रिलला शेवटचे रहिवासी बोटीत चढले. तीन महिन्यांत गाव रिकामे झाले. घाईत मागे राहिलेले टीव्ही, खेळणी, शाळेचे बाक यांची छायाचित्रे पुढे प्रसिद्ध झाली.

मित्सुबिशीने बेट ताकाशिमा नगराला दिले. ते नगर २००५ मध्ये नागासाकी शहरात विलीन झाले. एप्रिल २००९ पासून पर्यटकांना दक्षिण टोकाच्या ठरावीक वाटेवरून फिरता येते, तेही समुद्र शांत असेल तरच. इमारतींच्या आत प्रवेश नाही. खारा वारा काँक्रीटमधील लोखंड खात आहे. ३० क्रमांकाच्या इमारतीचा काही भाग २०२० मध्ये कोसळला.

जुलै २०१५ मध्ये युनेस्कोने मेइजी काळातील औद्योगिक वारशाच्या स्थळांत हाशिमाचा समावेश केला. त्या वेळी काही स्थळांवर १९४० च्या दशकात कोरियन व इतर अनेकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आणून कठोर परिस्थितीत राबवले गेले, हे जपानने मान्य केले आणि तो इतिहास सांगण्याचे आश्वासन दिले. २०२० मध्ये टोकिओत माहिती केंद्र उघडले. ते आश्वासन त्यात पाळले गेले नाही, याबद्दल जागतिक वारसा समितीने २०२१ मध्ये तीव्र खेद नोंदवला. समितीचे म्हणणे योग्य होते. मजुरांची नावे, त्यांचे देश आणि मृत्यू यांची नोंद समुद्रभिंतीच्या बांधणीइतकीच त्या केंद्रात असायला हवी. वारसा म्हणून मान्य झालेला काळ १९१० पाशी संपतो व त्यात हाशिमाचे मेइजीकालीन कूपक व समुद्रभिंतीच मोडतात. ज्या इमारतींमुळे बेटाला युद्धनौका म्हणतात त्या १९१६ व नंतरच्या आहेत, आणि कोरियन व चिनी मजूर त्याच्याही बऱ्याच नंतर आले.